काळा बोळ ते हिरवी बाटली

काष्ठौषधींच्या जुन्या दुकानात जाऊन काळा बोळ मागितला, तर दुकानदार मागच्या फळीवरचा डबा उघडून दगडी कोळशासारखे दिसणारे चार खडे पुडीत बांधून देतो. खडा ठिसूळ असतो. फोडला की तुकड्यांच्या कडा धारदार निघतात आणि उजेडासमोर धरल्या तर तांबूस दिसतात. जिभेला लावला तर तोंडाची कडू चव बराच वेळ हटत नाही. मुका मार बसला किंवा पाय मुरगळला की तो उगाळायचा, पळीत गरम करायचा आणि सोसेल तेवढा ऊन ऊन लेप द्यायचा, हे अजून बऱ्याच घरांत माहीत आहे. पण हा खडा कोरफडीचा आहे म्हटलं तर पुष्कळांना खरं वाटत नाही. कोरफड म्हणजे आता बुळबुळीत, पारदर्शक गर. ॲलोव्हेरा असं लिहिलेली हिरवी बाटली.

दोन्ही निघतात एकाच पानातून, पण पानाच्या वेगवेगळ्या भागांतून. आणि गेल्या दोन हजार वर्षांतली जवळपास एकोणीसशे वर्षं व्यापार चालला तो काळ्या बोळाचा. गराला बाजारात कुणी विचारत नव्हतं.

घरच्या कुंडीतलं एक जाड पान बुडाशी कापून वाटीत उभं करून ठेवावं. सालीच्या लगेच आतून, कापलेल्या कडेभोवती पिवळे थेंब फुटायला लागतात आणि पाचदहा मिनिटांत वाटीच्या तळाशी पिवळा चीक साठतो. वास उग्र, थोडा घामट. हवा लागली की तो तपकिरी, मग काळपट होत जातो आणि कपड्यावर पडला तर डाग निघत नाही. हा चीक आटवून वाळवला की काळा बोळ. त्यातलं ॲलोइन पोटातून जसंच्या तसं मोठ्या आतड्यात पोचतं. तिथले जिवाणू ते फोडतात, आतड्याची हालचाल वाढते, पाणी शोषलं जाण्याऐवजी आत उतरतं आणि रात्री घेतलेल्या औषधाचा सकाळी निकाल लागतो. कोणत्याही जनावराने पान खाऊ नये, म्हणून झाडाने केलेली ही सोय.

चिकाच्या आत असतो तो गर. त्यात 98 ते 99 टक्के पाणी आणि उरलेल्यात मुख्यतः लांब साखळीच्या शर्करा. त्यातली ॲसिमॅनन ही सगळ्यांत नावाजलेली. गर म्हणजे झाडाचा पाण्याचा साठा. कोरफड दिवसा पानांवरची रंध्रं मिटून घेते आणि हवेची देवाणघेवाण रात्री करते, त्यामुळे हा साठा उन्हाळाभर पुरतो. उपटून दाराला उलटी टांगली तरी ती महिनोन्‌महिने हिरवी राहते. आपल्याकडे नजर लागू नये म्हणून अशी टांगतात. एडवर्ड लेन या इंग्रज अभ्यासकाने 1836 साली कैरोतल्या रीतिरिवाजांवर पुस्तक लिहिलं. नव्या घराच्या दारावर टांगलेली, माती-पाण्याशिवाय वर्षानुवर्षं जगणारी आणि फुलणारी कोरफड त्यातही आहे.

मूळची ती कुठली, हे ठरवणं बरेच दिवस अवघड होतं. माणसांनी ती इतकी इकडेतिकडे नेली, की खरी रानटी कुठली आणि बागेतून निसटलेली कुठली हे कळेना. कोरफडीच्या कुळात पाचशेहून अधिक जाती आहेत, त्यांतल्या बहुतेक आफ्रिकेत, मादागास्करमध्ये आणि अरबस्तानात. जनुकांच्या आधारे या कुळाची वंशावळ मांडणारा अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याने आपल्या कोरफडीचं बोट अरबी द्वीपकल्पाकडे वळवलं. तसं असेल तर आयुर्वेदाच्या ग्रंथांतली एक गोष्टही उलगडते. ज्या झाडाला आज आपण अगदी घरचं समजतो, त्याला चरक-सुश्रुतांच्या संहितांत ठळक स्थान नाही. कोरफड, म्हणजे ग्रंथांतली कुमारी, भरात येते ती मध्ययुगात. शार्ङ्गधराच्या संहितेत कुमार्यासव आहे, सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात तिचे गुण सांगितले आहेत आणि रसशास्त्रात तर तिच्यावाचून पान हलत नाही. लोखंड-तांब्याची भस्मं करताना तिच्या रसाच्या भावना देतात, म्हणजे तो रस घालून घोटतात. काळ्या बोळाला वैद्य कन्यासार म्हणतात. हिंग, टाकणखार आणि कासीस यांच्याबरोबर तो रजःप्रवर्तिनी वटीत पडतो. मासिक पाळी आणणारं औषध म्हणून तो पूर्वी घरोघर ठाऊक होता आणि गरोदर बाईला कोरफड देऊ नये ही ताकीदही त्याच अनुभवातून आलेली आहे.

समुद्रापलीकडच्या नोंदी याहून जुन्या आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कुणा ग्रीक व्यापाऱ्याने लाल समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणून आपण तिला ओळखतो. भडोच, कल्याण, सोपारा यांची नावं त्यात येतात म्हणून महाराष्ट्राच्या इतिहासात तिचा उल्लेख सारखा होतो. त्याच वहीत दक्षिण अरबस्तानातल्या काने बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात ऊद आणि कोरफडीचा बोळ यांची नोंद आहे. त्याच शतकात डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्याने औषधींचा मोठा ग्रंथ लिहिला. कोरफड हिंदुस्थानात भरपूर होते आणि तिचा रस तिथूनच येतो, असं तो सांगतो. माल हिंदुस्थानी व्यापाऱ्यांच्या गलबतांतून येत असल्यामुळे त्याचा हा समज झाला असावा, असं मला वाटतं. औषधाचे उपयोग तो बरेच देतो: पोट साफ करणं, जखमा भरणं, मद्यात कालवून लावलं तर केस गळायचे थांबणं. पण बोलतो तो वाळलेल्या चिकाबद्दलच. या मालात डिंक मिसळतात, असंही तो बजावतो आणि परीक्षा सांगतो: अस्सल बोळ चवीला कडू, वासाला तीव्र आणि बोटांनी चुरडला तर भुगा होणारा.

क्लिओपात्रा कोरफडीचा गर चेहऱ्याला लावत असे, ही कथा हल्ली प्रत्येक बाटलीच्या पाठीवर असते. जाहिरातवाल्यांची आहे, तिथेच राहू द्यावी.

बोळाच्या व्यापाराचं नाक होतं सोकोत्रा बेट. अरबस्तान आणि आफ्रिकेचं शिंग यांच्या तोंडाशी, समुद्रात एकटं पडलेलं. तिथली कोरफड आपल्या कोरफडीची बहीण, जात वेगळी. पण तिचा बोळ जगात सगळ्यांत चांगला मानला जाई. या बेटावर अरब, हिंदी आणि ग्रीक असे मिश्र लोक राहतात, असं पेरिप्लसकार लिहितो. हे वाक्य बरेच दिवस पुस्तकातच होतं. मग 2000 सालाच्या सुमारास बेल्जियन गुहासंशोधकांना तिथल्या होक गुहेत, खूप आत, काळोखात, भिंतींवर आणि चुन्याच्या खांबांवर खरडलेली अक्षरं सापडली. शेकड्याच्या घरातल्या या लेखांतले बहुतेक ब्राह्मी लिपीत होते. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतल्या नावाड्यांनी आणि व्यापाऱ्यांनी आपली नावं कोरली होती. कुणी भडोचचा, कुणी सौराष्ट्रातल्या हस्तकवप्राचा. मान्सून उलटेपर्यंत बेटावर अडकलेली माणसं गुहेत जाऊन काय करत असतील, याचा विचार करायला मला आवडतं. इतिहासकार त्याबद्दल फार बोलत नाहीत. परतीच्या गलबतात कासवाच्या ढाली आणि हिराडखण नावाचा तांबडा डिंक असे, तसा बोळही असणारच.

बेटाची कीर्ती एवढी, की अरबी भूगोलकारांनी त्यावर एक झकास आख्यायिका रचली. ॲरिस्टॉटलने अलेक्झांडरला लिहून कळवलं, की बाकी सगळं राहू दे, कोरफडीसाठी ते बेट आधी घे आणि तिथे ग्रीक वसव. अबू झैद अस-सिराफी, अल-मसूदी, अल-इद्रीसी अशा लेखकांच्या ग्रंथांतून ती फिरत राहिली. अलेक्झांडर सोकोत्राकडे कधी फिरकल्याचा पुरावा नाही. पण अरब वैद्य आणि हकीम यांच्या औषधांच्या पेटीत बोळाचं स्थान कुठे होतं, हे या गोष्टीवरून चांगलं कळतं.

पोर्तुगीजांनी 1507 मध्ये सोकोत्रातला किल्ला जिंकला. पाणी, अन्न आणि हवा यांनी जेरीस आणल्यावर 1511 मध्ये सोडूनही दिला. कोरफडीच्या दृष्टीने पोर्तुगीजांचं खरं काम झालं ते गोव्यात. गार्सिया द ऑर्ता हा धर्मांतरित ज्यू घराण्यातला वैद्य 1534 मध्ये गोव्याला आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाशी त्याचा स्नेह होता आणि मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं. त्याचं औषधींवरचं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. ते संवादरूप आहे: ऑर्ता स्वतः आणि स्पेनहून आलेला रुआनो नावाचा कल्पित डॉक्टर. पहिला संवाद प्रास्ताविकाचा आणि औषधींना सुरुवात होते ती दुसऱ्या संवादात, कोरफडीपासून. उत्तम बोळ सोकोत्राचा आणि तोच तुर्कस्तान-युरोपापर्यंत जातो, हे तो ठासून सांगतो. गुजराती-दख्खनी लोक तिला काय म्हणतात आणि या किनाऱ्यावरचे लोक 'कातेकोमेर' म्हणतात, हेही टिपतो. पुस्तकांतल्या ग्रीक-अरबी पंडितांपेक्षा बंदरावरच्या व्यापाऱ्याला जास्त कळतं, हा त्याचा ताठा पानोपानी दिसतो. ऑर्ता 1568 मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला इन्क्विझिशनने गोव्यात जिवंत जाळलं आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली.

ईस्ट इंडिया कंपनीचा सोकोत्राशी संबंध सतराव्या शतकाच्या आरंभापासूनचा. इंग्रज वकील टॉमस रो जहांगीराच्या दरबाराकडे निघाला तेव्हा 1615 मध्ये त्याच्या जहाजांनी सोकोत्राला नांगर टाकला होता आणि बेटावरचा बोळ सुलतानाच्या मुठीत असल्याचं त्याने पाहिलं. पुढे 1834 मध्ये वेलस्टेड नावाच्या नौदल अधिकाऱ्याने बेटाची पाहणी केली. पानं तोडायची, चामड्याच्या पिशवीत ठेवायची आणि चीक आपोआप गळू द्यायचा, एवढीच तिथली रीत. चूल नाही, भट्टी नाही. चीक वाळला की त्याच कातड्यात बांधून गलबतावर.

एकोणिसाव्या शतकात हा माल लंडनला जाई तो मुंबईमार्गे. मुंबईच्या सरकारी औषधभांडाराचा प्रमुख विल्यम डायमॉक याने पश्चिम हिंदुस्थानातल्या औषधींवर जे लिहिलं, त्यात हा बाजार दिसतो. कातडी पोती मुंबईत फोडली जात, चामड्याचे तुकडे आणि कचरा काढून माल निवडला जाई आणि पेट्यांत भरून विलायतेला रवाना होई. याच बाजारात एक देशी मालही येई, जाफराबादी बोळ. काठेवाडच्या किनाऱ्यावरच्या जाफराबादला होणाऱ्या त्याच्या चकत्या काळ्या, काचेसारख्या फुटणाऱ्या. हे जाफराबाद अठराव्या शतकापासून मुरुड-जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबाचं. आपल्या कोकणातल्या एका संस्थानाचा मुलूख काठेवाडात, तिथली कोरफड मुंबईच्या बाजारात आणि तिथून पुढे कुणाच्या पोटात, असा तो प्रवास.

तोवर सोकोत्राची मक्तेदारी मात्र संपत आली होती. कोरफड अटलांटिक ओलांडून कॅरिबियन बेटांवर पोचली होती. बार्बाडोसवर राहून आलेल्या रिचर्ड लिगनच्या 1657 च्या पुस्तकात ती आहे. गुलामांच्या श्रमावर चालणाऱ्या त्या उसाच्या बेटावर बोळ काढण्याची पद्धतही कारखानदारी झाली. उतरत्या, टोकदार तळाच्या लाकडी पन्हळींत पानांची कापलेली बुडं खाली करून ती रचायची, गळलेला चीक तांब्याच्या कढईत आटवायचा आणि वाळक्या भोपळ्यांत ओतायचा. दक्षिण आफ्रिकेत केप प्रांतात वेगळ्या, उंच वाढणाऱ्या जातीपासून बोळ करतात. तिथली रीत आजही पाहायला मिळते. जमिनीत उथळ खळगा करून त्यात पूर्वी शेळीचं कातडं अंथरत, आता प्लॅस्टिक. मग दीडदोनशे पानं, कापलेली बाजू आत, विहिरीच्या कठड्यासारखी गोल रचतात. काही तासांत खळग्यात चीक साठतो, तो डब्यात घालून विस्तवावर आटवतात. चीक गळून गेलेली पानं तिथेच टाकून माणसं पुढच्या झाडाकडे जातात. त्या ढिगात गर भरलेला असतो.

वनस्पतिशास्त्रज्ञांत नावाची शर्यत लागली ती 1768 मध्ये. डच शास्त्रज्ञ बर्मन याने हिंदुस्थानच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात ॲलो व्हेरा हे नाव छापलं आणि दहाच दिवसांनी लंडनच्या फिलिप मिलरने त्याच झाडाला बार्बाडोसचं नाव दिलं. दहा दिवसांच्या फरकाने बर्मन जिंकला. तरी जुन्या औषधकोशांत आणि सौंदर्यप्रसाधनांच्या बाटल्यांवर बार्बाडेन्सिस अजून टिकून आहे.

बोळाचा सुवर्णकाळ व्हिक्टोरियन. बद्धकोष्ठता हे सर्व रोगांचं मूळ, अशी त्या काळची समजूत आणि बोळ हा त्यावरचा स्वस्त इलाज. इंग्लंडातल्या बीचम्स पिल्स साऱ्या साम्राज्यात खपत. एक पेटी एका गिनीच्या मोलाची, अशी त्यांची जाहिरात. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने 1909 मध्ये अशा गुप्त औषधांचं पृथक्करण छापलं, तेव्हा त्या गोळ्यांत निघाला बोळ, सुंठ आणि साबण. 56 गोळ्यांच्या पेटीची किंमत एक शिलिंग दीड पेनी आणि आतल्या मालाची अर्धा फार्दिंग, म्हणजे पेनीचा आठवा हिस्सा. शंभरपटीचा हा धंदा त्या भांडाफोडीनंतरही चालूच राहिला.

सर्दीत वाफारा घेताना ज्यांनी पाण्यात टिंक्चर बेंझोइन टाकलं असेल, त्यांच्याही घरात बोळ येऊन गेला आहे. लोबान, शिलारस आणि टोलू बाल्समबरोबर त्या तपकिरी अर्कात तो असतो.

पारडं फिरायला लागलं ते 1935 साली, क्ष-किरणांमुळे. त्या काळात क्ष-किरण सढळ हाताने वापरले जात आणि कातडी भाजून चिघळत असे. अमेरिकेत कॉलिन्स नावाच्या दोघा डॉक्टरांनी अशा एका रुग्ण स्त्रीच्या कपाळावर कोरफडीचं ताजं पान चिरून लावलं आणि जखम भरल्याचं क्ष-किरणतज्ज्ञांच्या नियतकालिकात लिहिलं. पुढे अणुबाँबचा काळ आला. लॉस अलामोसमध्ये सशांच्या कातडीवर किरणोत्सर्गाने जखमा करून कोरफड लावून पाहिली गेली आणि 1953 मध्ये जखमा लवकर भरल्याचं छापून आलं. अडचण एकच: कापलेल्या पानातला गर तासाभरात पातळ होऊ लागतो आणि बिघडतो. तो टिकवायचं तंत्र 1970 च्या दशकात बसलं आणि गर बाटलीत गेला. मग शाम्पू, क्रीम, दाढीचा फेस, टिश्यू पेपर, रस. कशात नाही असं उरलं नाही.

गराने खरोखर काय होतं? भाजलेल्या कातडीवर थोडा फायदा दिसतो. थायलंडमधल्या संशोधकांनी 2007 मध्ये चार अभ्यासांतले 371 रुग्ण एकत्र मोजले, तेव्हा वरवरच्या भाजण्याच्या जखमा सुमारे नऊ दिवस लवकर भरल्याचं दिसलं. पण ते अभ्यास एकमेकांशी नीट जुळणारे नव्हते. इतर जखमांबाबत 2012 च्या कॉक्रेन आढाव्याने पुरेसा चांगला पुरावा नाही, असा निर्वाळा दिला. ज्या किरणांच्या भाजण्यापासून ही सगळी कीर्ती सुरू झाली, तिथेच गर तोंडघशी पडला. ऑस्ट्रेलियात स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या 225 स्त्रियांवर 2002 मध्ये चाचणी झाली, त्यात साधं पाणीदार क्रीम कोरफडीपेक्षा उजवं ठरलं. तव्याचा चटका बसला तर आधी वीस मिनिटं नळाखाली हात धरावा. गर त्यानंतर, आणि फोड फुटला असेल तर नकोच.

पोटात घ्यायच्या रसाबद्दल मी जास्त साशंक आहे. रोज सकाळी उपाशीपोटी घरच्या कोरफडीचं अख्खं पान मिक्सरमधून काढून पिणारी मंडळी गराबरोबर चीकही पीत असतात आणि पोट साफ होतं म्हणून खूश असतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2002 मध्ये बोळाला विनाचिठ्ठी रेचकांच्या यादीतून काढलं, कारण सुरक्षिततेची माहिती उत्पादकांनी दिलीच नाही. पुढे तिथल्याच सरकारी विषशास्त्र कार्यक्रमाने उंदरांना दोन वर्षं पाण्यातून अख्ख्या पानाचा, चीक न काढलेला अर्क दिला आणि त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठी झाल्या. त्यावरून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अख्ख्या पानाचा अर्क 'कदाचित कर्करोगकारक' या गटात टाकला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरं. पण वैद्य कन्यासार देतो तो गुंजांच्या हिशेबात आणि मोजक्या दिवसांसाठी, हेही खरं. आता कारखान्यांत रस कोळशातून गाळून ॲलोइन दहा लाखांत दहा भागांच्या खाली आणतात. म्हणजे चीक हा आता माल राहिला नाही, माल खराब करणारी भेसळ झाला.

शेतकऱ्याच्या वाट्याला या गराचं काय आलं, तर बहुतेक पाणी. पान जड, नाशवंत, तोडल्यावर काही तासांत कारखान्यात पोचायला हवं. हमीभावाने परत घेऊ असं सांगून रोपं विकणारे बरेच येऊन गेले. कारखाना जवळ असेल तिथेच हे पीक जमतं.

आणि बाटलीत गर असतोच असंही नाही. अमेरिकेत 2016 मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने मोठ्या दुकानसाखळ्यांची स्वतःच्या नावाची कोरफड जेल प्रयोगशाळेत चुंबकीय अनुनादाच्या यंत्रावर तपासून घेतली, तेव्हा त्यांत ॲसिमॅनन सापडलंच नाही. काहींत माल्टोडेक्स्ट्रिन ही स्वस्त साखर निघाली. ग्राहकांनी दावे लावले आणि उत्पादकांनी तपासणीची पद्धतच चुकीची असल्याचं म्हटलं. त्या यंत्रावाचून हा वाद सुटणारा नव्हता. डायोस्कोरिडीसची परीक्षा इथे चालत नाही, कारण चीक काढून टाकलेल्या गराला सांगण्यासारखी चवच नसते.